सर्वांना जागा

मुलांनो, निरनिराळ्या खेळांतील वीर एकाच आखाड्यात उतरवायचे, तर कोणाला घ्यावे? जपानमध्ये १९९९ साली निघालेल्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या व्हिडिओ गेममध्ये १० मालिकांतील १२ पात्रे होती. मारिओ आणि पोकेमॉन या मालिकांना दोन-दोन जागा मिळाल्या. उरलेल्या आठ मालिकांना एकेक. पुढे पात्रे वाढत गेली. २०१८ च्या ‘अल्टिमेट’ या भागात ‘फायर एम्ब्लेम’ या एकाच मालिकेचे सात वीर आले. २०२० साली आठवा आला, तेव्हा अनेक खेळाडू नाराज झाले. थोराला एखादी जागा जास्त मिळाली तरी चालते. पण धाकट्याला एक तरी हवीच. वर्गाचा संघ निवडताना तुम्ही काय कराल?