जिल्ह्याच्या विकीसाठी सॉफ्टवेअर निवडताना



हिंगोली जिल्ह्याची माहिती सर्वांनी मिळून लिहावी, या हेतूने विकी उभारण्याचा माझ्या पुतण्याचा संकल्प स्तुत्य आहे. मात्र त्यासाठीचे सॉफ्टवेअर सोयींची यादी पाहून निवडू नये, तर लिहिणारे कोण आहेत आणि दहा वर्षांनी तो मजकूर सुखरूप हाती लागेल की नाही, हे पाहून निवडावे. वाचकालाच पान दुरुस्त करता येते आणि प्रत्येक जुनी आवृत्ती जपली जाते, अशा संकेतस्थळाला विकी म्हणतात. वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1995 साली असे पहिले संकेतस्थळ सुरू केले.

1 मे 2003 रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आज मीडियाविकी या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो, आणि ते थोर आहे यात शंका नाही. साचे, म्हणजे अनेक पानांत एकदम वापरता येणारे तयार तुकडे, वर्गवारी व चर्चापाने यांची त्याच्याइतकी पक्की व्यवस्था क्वचितच आढळते. परंतु त्याला डेटाबेस लागतो, वेळोवेळी नवी आवृत्ती चढवावी लागते, आणि काही पाने ठरावीक लोकांनाच दिसावीत अशी व्यवस्था त्याच्या मूळ रचनेत नाही. हे सांभाळणारा जाणकार नोकरीसाठी पुण्याला गेला, तर विकी सांभाळायला मागे राहिलेल्या स्थानिक शिक्षकांना ते झेपणार नाही.

डोकुविकी हे आंद्रेआस गोर यांनी 2004 साली आणलेले सॉफ्टवेअर त्या मानाने साधे आहे. त्यात प्रत्येक पान ही साध्या मजकुराची एक फाइल असते, डेटाबेस लागत नाही, आणि कोणी काय पाहावे व बदलावे हेही ठरवता येते. देवनागरीत काम करणाऱ्याने त्यातील एक अडचण मात्र आधीच जाणून घ्यावी. पानाचे नाव फाइलला देताना डोकुविकी प्रत्येक देवनागरी चिन्हाची, म्हणजे अक्षर, मात्रा, अनुस्वार व हलन्त या प्रत्येकाची, नऊ रोमन चिन्हे करते. लिनक्सवर फाइलचे नाव साधारणपणे 255 बाइटांपुढे जाऊ शकत नाही. ‘औंढा नागनाथ मंदिराच्या भिंतींवरील शिल्पे’ या नावात 36 देवनागरी चिन्हे असल्याने ते 324 वर जाते आणि पान जतनच होत नाही. फाइलनावांची पद्धत यूटीएफ-8 केली की एका चिन्हाला तीनच बाइट लागतात. हा बदल पहिले पान लिहिण्यापूर्वीच करावा, कारण नंतर केल्यास जुनी पाने सापडेनाशी होतात.

बुकस्टॅक हे तिसरे सॉफ्टवेअर पुस्तक, प्रकरण व पान अशी ठरीव मांडणी देते. ती पाठ्यपुस्तकाला शोभते, वाढत्या कोशाला नाही. विकत घेण्याच्या सॉफ्टवेअरचा मोह टाळावा, कारण कॉन्फ्लुएन्स या अशाच सॉफ्टवेअरच्या, वापरणाऱ्याच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या एका आवृत्तीचा आधार कंपनीने 15 फेब्रुवारी 2024 रोजी बंद केला आणि वापरणाऱ्या संस्थांना बिऱ्हाड हलवावे लागले.

स्वतःच्या विकीवर नेमके काय लिहायचे, हा प्रश्न याहून मोठा आहे. नरसी नामदेव किंवा औंढा नागनाथ यांविषयी ग्रंथांत जे छापले गेले आहे, ते सरळ मराठी विकिपीडियावर संदर्भासह लिहावे. तेथे वाचक आहेत आणि सर्व्हरचा खर्चही नाही. मात्र विकिपीडिया अप्रकाशित माहिती स्वीकारत नाही. वसमतचा हळद उत्पादक हळकुंडे कुकरमध्ये किती वेळ शिजवतो, ती शिजली हे कशावरून ओळखतो आणि अवकाळी पाऊस आला तर वाळत घातलेल्या मालाचे काय करतो, हे ज्ञान अनेकदा कोठेच छापलेले नसते, आणि जिल्ह्याचा विकी खरा हवा आहे तो त्यासाठीच. असे सांगणारे शेतकरी स्वतः टंकलेखन करणार नाहीत. शाळेतील मुले त्यांच्याकडून ऐकून लिहितील, म्हणून संपादनाची चौकट जितकी साधी तितकी बरी.

तेव्हा डोकुविकी घ्यावे, ‘डेटा’ व ‘कॉन्फ’ या दोन फोल्डरांची प्रत दर आठवड्याला दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, आणि मजकूर व छायाचित्रे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या कोणत्या परवान्याखाली राहतील हे पहिल्याच दिवशी प्रत्येक लेखकाकडून मान्य करून घ्यावे. नंतर शेकडो जणांना शोधून त्यांची संमती मिळवणे शक्य होत नाही.