स्वयमचे क्रेडिट : आधी पदवीचा तक्ता, मग परीक्षेचा फॉर्म



आजचा विषय थोडा किचकट आहे, पण ज्यांची मुलं-मुली सध्या बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.ला आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचावा. स्वयम किंवा एनपीटीईएलचा कोर्स ऑनलाइन करायचा, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची आणि त्याचे क्रेडिट आपल्या पदवीत धरून घ्यायचे, ही सोय आपल्याकडे आहे. सोय चांगलीच आहे. पण ती उलट्या टोकाने वापरली की पैसेही जातात आणि सत्रही. हे मी एका मुलीच्या बाबतीत पाहिलं, आणि त्यात माझीही चूक होती.

ती माझी शाळेतली जुनी विद्यार्थिनी. वरोऱ्याजवळच्या एका खेड्यातली, बी.ए. दुसऱ्या वर्षाला. गेल्या जुलैत भेटली तेव्हा म्हणाली, "सर, मी तीन कोर्स घेतले." मी कौतुकाने म्हणालो, "कर ना, क्रेडिट मिळतील!" कोणत्या विषयाच्या जागी मिळतील, हे मी विचारलंच नाही. तिनेही कॉलेजात विचारलं नव्हतं.

कोर्स असे होते. पायथनचा १२ आठवड्यांचा, सॉफ्ट स्किल्सचा ८ आठवड्यांचा आणि मानसशास्त्राच्या ओळखीचा ४ आठवड्यांचा. कोर्सला नाव नोंदवणं फुकट असतं, पैसे फक्त परीक्षेचे लागतात. एका परीक्षेचे १००० रुपये, म्हणजे ३००० झाले (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मी सवलत असते, ती तिला लागू नव्हती). सोयाबीन निघायच्या आधीचे दिवस, घरात पैसा नाही. वडिलांनी हातउसने आणले. दोन वेळा पहाटेची गाडी धरून वरोऱ्याहून नागपूरला गेली, परीक्षा दिल्या, तिन्ही पास झाली. चार आठवड्यांना १, आठला २ आणि बाराला ३ या हिशोबाने कागदावर ६ क्रेडिट झाले.

गुणपत्रिकेत धरले गेले २.

कसे, ते नीट पाहू, कारण सगळा धडा इथेच आहे.

२०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही नव्या धोरणाप्रमाणे पदवी सुरू झाली. आता पदवी म्हणजे नुसते विषय नाहीत, वेगवेगळ्या टोपल्या आहेत. मुख्य विषय म्हणजे मेजर, दुय्यम विषय म्हणजे मायनर, दुसऱ्या शाखेतला ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भाषेचा एईसी, मूल्यशिक्षणाचा व्हीईसी, भारतीय ज्ञान प्रणाली, पुढे फील्ड प्रोजेक्ट आणि कामावरचे प्रशिक्षण. एका सत्रात एकूण २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांत १२० ते १३२. प्रत्येक टोपलीचा आकार ठरलेला. एका टोपलीत जास्त पडलं म्हणून दुसरीतली तूट भरत नाही. आपण बाजारात दोन पायल्या तांदूळ जास्त घेतला म्हणून घरात मीठ येत नाही, तसंच.

पायथनचा कोर्स तिच्या ओपन इलेक्टिव्हमध्ये बसला. ती कला शाखेची, विषय दुसऱ्या शाखेचा, म्हणून योग्यच. पण त्या सत्रात ती टोपली २ क्रेडिटची होती. कोर्स ३ क्रेडिटचा. वरचा एक क्रेडिट तिच्या पदवीच्या हिशोबात कुठेच गेला नाही. सॉफ्ट स्किल्स तिने एईसीच्या जागी चालेल असं धरलं होतं. पण तिच्या अभ्यासक्रमात एईसी म्हणजे भाषेचा पेपर होता, त्याच्या बदल्यात व्यक्तिमत्त्व विकासाचा कोर्स चालत नाही. आणि मानसशास्त्राचा १ क्रेडिटचा कोर्स? एक क्रेडिटची टोपलीच नव्हती.

एवढ्यावर भागलं असतं तर फार काही नाही, शिकली तर खरी पोर. पण "आपला एईसी स्वयममधून होतोय" या समजुतीत तिने भाषेच्या तासांना जाणं सोडलं आणि अंतर्गत चाचणी बुडवली. त्या पेपरात ती राहिली. तीन परीक्षा पास होऊन एक विषय बॅकलॉग! घरी सांगताना तिला किती जड गेलं असेल, याचा विचार मी अजून करतो.

आता नियम काय सांगतो ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाचे स्वयमसाठीचे नियम आधी २०१६ मध्ये आले, त्यात २० टक्क्यांपर्यंत मुभा होती. २०२१ च्या नियमांत ती वाढून एका सत्रातल्या एकूण विषयांच्या ४० टक्क्यांपर्यंत गेली. हे ऐकलं की मुलांना वाटतं आपण वाटेल ते कोर्स घेऊ शकतो. तसं नाही. ४० टक्के ही वरची मर्यादा आहे. सत्रात सात विषय असतील तर फार तर दोन. आणि कोणता कोर्स कोणत्या विषयाच्या बदल्यात चालेल, हे आपल्या संस्थेने मान्य केलेलं असावं लागतं. आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतली महाविद्यालयं २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न आहेत, म्हणून विचारायचं ते आधी कॉलेजच्या समन्वयकांना आणि गरज पडली तर विद्यापीठाकडे. तोंडी उत्तरावर राहू नका. छोटासा अर्ज द्या, त्यात कोर्सचं नाव, आठवडे, क्रेडिट आणि कोणत्या पेपरच्या जागी हवाय ते लिहा, आणि सहीशिक्क्याची प्रत घरी ठेवा.

अमेरिकेत क्लेप नावाच्या परीक्षा आहेत, कॉलेज बोर्ड घेतं. वर्गात न बसता परीक्षा द्यायची आणि गुण पुरेसे असले की त्या विषयाचं क्रेडिट मिळतं. तिथलं प्रत्येक कॉलेज आपला तक्ता काढतं : ही परीक्षा, इतके गुण, आमच्याकडचा हा विषय. शहाणा विद्यार्थी आधी तो तक्ता उघडतो, मग परीक्षेचे पैसे भरतो. आपल्याकडे असा तक्ता हातात मिळत नसेल तर पालकांनी तो मागायला हवा. मागितल्याशिवाय तो तयार होईल असं मला तरी वाटत नाही.

दुसरा फरक असा की आपल्याकडे नुसती परीक्षा देऊन चालत नाही. एनपीटीईएलमध्ये दर आठवड्याच्या असाइनमेंटला २५ आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५ गुण. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेत, दोन्ही वेगवेगळे. १२ आठवड्यांच्या कोर्सला सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, ८ आठवड्यांच्या कोर्सला ६. म्हणजे गावात नेटवर्क गेलं आणि एक-दोन आठवडे हुकले तरी धीर सोडायचं कारण नाही. पण असाइनमेंटचे किमान १० गुणच झाले नाहीत तर मग परीक्षेत कितीही लिहा.

आणि आपल्या भागाचं वेळापत्रक! जुलैत सुरू झालेल्या १२ आठवड्यांच्या कोर्सची परीक्षा साधारण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात येते. त्याच वेळी सोयाबीनची सोंगणी संपत असते आणि कापूस वेचणीला लागलेला असतो. घरातल्या मुलीला त्या दिवसांत शेतावर बोलावणार की नागपूरला पाठवणार, हे जुलैतच ठरवून घ्या. जानेवारीचा कोर्स एप्रिलच्या उन्हात संपतो, पण शेतीची ओढ कमी असते. माझं मत विचाराल तर आपल्या खेड्यातल्या मुलांना जानेवारीचं सत्र बरं पडतं. फक्त शेवटच्या, म्हणजे सहाव्या सत्रात असा कोर्स टाकू नका. स्वयमचा निकाल उशिरा आला तर पदवीचा निकाल अडून बसायला नको.

अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सबद्दल पालक फार विचारतात. डिजिलॉकरमधून खातं उघडतं, मिळवलेले क्रेडिट तिथे जमा होतात आणि सर्वसाधारणपणे सात वर्षं टिकतात. पण खात्यात दिसणं आणि पदवीत धरलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या त्या मुलीच्या खात्यातले क्रेडिट तसेच पडून राहतील, उपयोग तेव्हाच जेव्हा एखादी संस्था ते तिच्या अभ्यासक्रमात मान्य करेल. आधार आणि गुणपत्रिकेवरचं नाव एकसारखं आहे का हेही आत्ताच तपासा. वडिलांचं नाव मध्ये असणं-नसणं एवढ्यावरून नोंदी अडकतात.

बारावीत एखाद-दुसऱ्या विषयात अडकलेल्यांच्या पालकांसाठी एक जाताजाता. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, आधीच्या मंडळातले पास झालेले जास्तीत जास्त दोन विषय पुढे धरता येतात. तिथेही हाच क्रम : कोणते दोन धरायचे ते प्रवेश घेतानाच ठरवा.

त्या मुलीसोबत मी डिसेंबरात एक रविवार बसलो. वहीच्या पानावर सहाही सत्रं आखली, प्रत्येकात टोपल्या मांडल्या, कॉलेजात कोणता विषय शिकवायला माणूस आहे ते लिहिलं. स्वयमसाठी एकच जागा उरली, चौथ्या सत्रातला २ क्रेडिटचा ओपन इलेक्टिव्ह. त्याला ८ आठवड्यांचा कोर्स बरोबर बसतो. एकच परीक्षा, १००० रुपये. बॅकलॉगचा भाषेचा पेपर त्याच पानावर लाल शाईने वर लिहिला आहे. अर्ज तिने स्वतः कॉलेजात नेऊन दिला, आणि पोचपावतीचा फोटो मला पाठवला.