खाडा आणि पुनरारंभ : आरोग्यदायी सवयी कशा टिकतात?

कोलकाता शहराच्या पूर्वेस आज जेथे सॉल्ट लेक ही वसाहत उभी आहे, तेथे साठ-पासष्ट वर्षांपूर्वी खाऱ्या पाण्याची दलदल पसरलेली होती. त्या काळी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री असलेले डॉ. बिधानचंद्र रॉय हे स्वतः नामांकित वैद्य होते. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांमुळे कोलकाता शहर दाटीने गुदमरू लागले होते. ही दलदल बुजवून तेथे नवे नगर वसविण्याचे काम १९६२ साली त्यांच्या कारकीर्दीत सुरू झाले. हुगळी नदीच्या पात्रातील गाळ पाण्यात कालवून नळांवाटे दलदलीत आणून सोडला जाई. पाणी निथळून जाई आणि गाळाचा एक पातळ थर मागे राही. त्याच वर्षी १ जुलै रोजी डॉ. रॉय यांचे निधन झाले. तथापि काम थांबले नाही. युगोस्लाव्हियातील एका कंपनीने भरावाचे काम पुढे नेले, तर डोब्रिवोये तोशकोविच या युगोस्लाव्ह नियोजनकाराने नगराचा आराखडा आखला. पुढे डॉ. रॉय यांच्या स्मरणार्थ या वसाहतीस बिधाननगर हे नाव मिळाले.

वसाहतीचे विभाग पाडून त्यांना ए. ई., बी. जे., एफ. डी. अशी रोमन अक्षरांची नावे देण्यात आली. या विभागांना बंगाली लोक 'ब्लॉक' म्हणतात. ब्लॉकमध्ये रहिवाशांसाठी उद्यान आहे, सभागृह आहे आणि ब्लॉकची स्वतःची दुर्गापूजा असते. पहाटे या उद्यानांतून आणि वसाहतीच्या मध्यभागी असलेल्या सेंट्रल पार्कमधून माणसे फेऱ्या मारताना दिसतात. त्यांत सेवानिवृत्तांचा भरणा अधिक असतो. पुष्कळांची मुले परगावी किंवा परदेशी असतात. आरोग्यदायी सवयी जडतात कशा, मोडतात का आणि पुन्हा सांधता येतात कशा, या प्रश्नांचा विचार करण्यास ही जागा सोयीची आहे.

सवय मोडण्याचे हंगाम

कल्पना करू की, अशाच एखाद्या ब्लॉकमध्ये राहणाऱ्या बासष्ट वर्षांच्या गृहस्थांना वैद्यांनी सांगितले, 'रक्तातील साखर मर्यादेच्या काठावर आली आहे. रोज अर्धा तास चाला आणि गोड कमी करा.' दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवे बूट विकत घेतले. वैशाखातील उकाडा सुरू होण्यापूर्वी ते पहाटे पाच वाजता घराबाहेर पडू लागले. आषाढात रस्त्यांवर पाणी साचले तेव्हा चार दिवसांचा खाडा झाला. आश्विनात दुर्गापूजा आली. मंडपात जाणे, पाहुण्यांची सरबराई आणि विजयादशमीनंतर घरोघर जाऊन मिठाई खाणे, यांत तीन आठवडे गेले. हिवाळ्यात नव्या गुळाचे संदेश बाजारात आले आणि पहाटेच्या हवेत धूर दाटला. फेब्रुवारीत पुन्हा तपासणी केली तेव्हा पहिले पाढे पंचावन्न!

हे गृहस्थ आळशी नाहीत किंवा दुबळ्या मनाचेही नाहीत. त्यांची चूक एवढीच की, वर्षाचे बाराही महिने सारखेच असतील असे गृहीत धरून त्यांनी आपला संकल्प केला. वस्तुतः पाऊस, सण, आजार, प्रवास आणि घरातील दुःखद प्रसंग हे अपवाद नव्हेत. तेही आयुष्याचाच भाग आहेत. जो संकल्प फक्त कोरड्या आणि निवांत दिवसांसाठी केलेला असतो, तो नव्याचे नऊ दिवस टिकतो.

काही अडथळे असे असतात की, त्यांवर एकट्या माणसाचा इलाजच चालत नाही. २०२० सालच्या २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागू झाली आणि उद्याने बंद झाली. त्यानंतर दोन महिनेही उलटले नव्हते, तोच २० मे रोजी अंफान चक्रीवादळाने कोलकाता परिसरातील हजारो झाडे उन्मळून टाकली. ज्यांचा व्यायाम उद्यानावरच अवलंबून होता, त्यांना आपली सवय घराच्या गच्चीवर किंवा जिन्यावर न्यावी लागली. ज्यांना ते जमले नाही, त्यांना पुढे सारेच नव्याने सुरू करावे लागले.

एका दिवसाच्या खाड्याचे मोल

सवय अंगवळणी पडण्यास एकवीस दिवस लागतात, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. त्यास भक्कम आधार नाही. लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांचा अभ्यास केला. प्रत्येकाने खाणे, पिणे वा व्यायाम यांसंबंधीची एखादी साधी कृती रोज ठरावीक प्रसंगी करावयाची होती. ती कृती विनासायास होऊ लागण्यास मध्यम मानाने ६६ दिवस लागले. व्यक्तिव्यक्तींतील अंतर मात्र मोठे होते. कोणास १८ दिवस पुरले, तर कोणास २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. याच अभ्यासातून दिसून आलेली दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडण्याच्या क्रियेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

मग एका खाड्यातून सारे का कोसळते? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी व्यसनमुक्तीच्या संदर्भात शोधले. त्यांनी 'घसरणे' आणि 'पुन्हा गर्तेत पडणे' या दोन अवस्था वेगळ्या मानल्या. घसरणे ही एक घटना असते. त्या घटनेचा अर्थ माणूस जसा लावतो, त्यावरून पुढची वाट ठरते. 'आज पाऊस होता म्हणून चालणे राहिले' असे म्हणणारा उद्या पुन्हा चालू लागतो. 'माझ्या हातून काही होणारच नाही' असे म्हणणारा त्या एका दिवसावरून साऱ्या स्वभावाचा निवाडा करून मोकळा होतो. पूजेत दोन रसगुल्ले खाल्ले, आता नियम मोडलाच आहे तर आणखी चार खाण्यास काय हरकत आहे, हा युक्तिवाद आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. दोन रसगुल्ल्यांनी फारशी हानी होत नाही. हानी होते ती त्यामागून आलेल्या निराशेने.

तरीही खाडा कितीही लांबला तरी चालेल, असा याचा अर्थ नव्हे. व्यायामामुळे स्नायू रक्तातील साखर अधिक सहजतेने शोषून घेऊ लागतात. हा परिणाम साधारणपणे एक ते तीन दिवस टिकतो आणि मग ओसरतो. म्हणून मधुमेहींनी व्यायामात लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात. एक दिवस चुकला तर स्वतःस क्षमा करावी, दुसरा चुकला तर सावध व्हावे आणि तिसरा चुकू देऊ नये, असा व्यवहारी नियम यातून निघतो.

गमावलेले सारेच वाया जाते काय?

अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ व्यक्तींवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. आहारात सुधारणा, आठवड्यास १५० मिनिटांचा व्यायाम आणि वजनात सात टक्के घट, ही उद्दिष्टे ज्यांच्यापुढे ठेवली होती त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. पुढे अनेकांचे घटलेले वजन हळूहळू पुन्हा वाढले. असे असूनही आरंभापासून दहा वर्षांनी पाहता या गटात मधुमेहाचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा ३४ टक्क्यांनी कमीच होते. यश पूर्वीइतके राहिले नाही हे खरे, परंतु केलेले कष्ट वायाही गेले नाहीत.

भारतीयांबाबतचा पुरावाही उपलब्ध आहे. चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३१ व्यक्तींचा असाच अभ्यास केला आणि २००६ साली तो प्रसिद्ध केला. केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांच्याशी सतत संपर्क ठेवून आहार आणि चालणे यांबाबत पाठपुरावा केला, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. आपल्या देशात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या सुमारे १३ कोटी ६० लाख आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देण्यात आला. ही संख्या ध्यानी घेता या फरकाचे मोल लक्षात येईल.

सोबतीचे बळ

आळंदीहून पंढरपूरला जाणारा वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर पायी चालतो. घरच्या अंगणातही फारशी न चालणारी म्हातारी माणसे ही वाट पुरी करतात. यामागे श्रद्धा असते, तशीच दिंडीची घडीही असते. दिंडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते, आणि कोणी मागे राहिले तर ते लगेच लक्षात येते.

हेच तत्त्व वैद्यकात १९०५ साली बॉस्टनचे डॉ. जोसेफ प्रॅट यांनी वापरले. क्षयावर त्या काळी औषध नव्हते. विश्रांती, मोकळी हवा आणि पोषक आहार हाच उपाय होता, आणि तो महिनोन्‌महिने करावा लागे. आरोग्यधामात राहणे गरिबांना परवडत नसे. प्रॅट यांनी अशा रुग्णांचा वर्ग भरविण्यास सुरुवात केली. प्रत्येक रुग्ण रोजची नोंद एका वहीत ठेवी आणि ती वर्गात आणून दाखवी. वजन वाढलेल्या रुग्णास पाहून नव्याने आलेल्यास धीर येई.

या धीराचे स्वरूप मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ साली मांडले. 'हे मला जमेल' हा विश्वास माणसास चार मार्गांनी लाभतो : स्वतःच्या लहानशा यशातून, आपल्यासारख्याच दुसऱ्याचे यश पाहून, इतरांच्या प्रोत्साहनातून आणि शरीराच्या व मनाच्या स्थितीतून. यांतील दुसरा आणि तिसरा मार्ग सोबत्यांवाचून खुला होत नाही. गुडघे दुखत असूनही रोज दोन फेऱ्या मारणारी शेजारीण जे शिकवून जाते, ते निष्णात धावपटूस शिकविता येत नाही.

तथापि संघ म्हणजे जादूची कांडी नव्हे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १,००७ व्यक्तींचा सहभाग असलेला एक प्रयोग झाला. तेथे लोकांमधूनच निवडलेल्या प्रशिक्षित सोबत्यांनी गटांच्या बैठका चालविल्या. दोन वर्षांनंतर तुलनेच्या गटात १७.१ टक्के लोकांना मधुमेह झाला होता, तर सोबतीच्या गटात १४.९ टक्के लोकांना. हा फरक योगायोगाने पडलेला नाही असे म्हणण्याइतका मोठा नव्हता. मात्र या गटात फळे आणि भाज्या खाण्याचे प्रमाण वाढले आणि मद्यपान घटले. सवयी बदलणे आणि रोग टळणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर तोडण्यास वर्षे लागतात, हा बोध यातून घ्यावा.

संघाचे दोष

बंगाली माणसाचा 'अड्डा' म्हणजे गप्पांचा दरबारच. फेऱ्या संपल्या की कुल्हडातून चहा येतो आणि चहामागून कचुरी व जिलबी येते. अर्ध्या तासाच्या चालण्याने खर्च होणारी ऊर्जा दोन-तीन जिलब्यांत सहज भरून निघते. तरीही अड्डा मोडू नये. माणसे पहाटे अंथरूण सोडतात ती पुष्कळदा त्याच्याच ओढीने. अड्डा ठेवावा, जिलबी रविवारपुरती राखावी.

दुसरा दोष तुलनेचा. फेऱ्या आणि वजन यांची चढाओढ लागली की मागे पडलेला माणूस तोंड चुकवू लागतो. तिसरा दोष सर्वांत घातक आहे. एकाचे औषध दुसरा घेऊ लागतो. संघाने धीर द्यावा, औषध वैद्यानेच द्यावे. चालताना छातीत दडपल्यासारखे वाटले किंवा घेरी आली, तर तेथेच थांबून वैद्याकडे जाणे हेच शहाणपण होय.

पुन्हा आरंभ करताना

संघ चार-सहा जणांचा असला तरी पुरतो. त्याने पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. वेळ आणि जागा यांबरोबर पर्यायही आधीच ठरवावा. 'पाऊस असेल तर सभागृहाच्या व्हरांड्यात वीस मिनिटे', असे वाक्य कागदावर लिहून ठेवावे.

२. सणासुदीसाठी किमान नियम असावा. पूजेच्या दिवसांत दहा मिनिटे चालले तरी साखळी तुटत नाही.

३. लागोपाठ दोन दिवस न आलेल्याची चौकशी करण्याचे काम एकाने घ्यावे. चौकशी प्रकृतीची करावी, हजेरीची नव्हे.

४. परतलेल्यास 'इतके दिवस कोठे होता?' असे विचारू नये. त्याच्यासोबत एक फेरी हळू चालावी.

५. दीर्घ आजारानंतर पूर्वीच्या निम्म्या अंतरापासून आरंभ करावा आणि दर आठवड्यास ते थोडेथोडे वाढवावे.

यांतील चौथा नियम दिसतो साधा, परंतु पाळावयास सर्वांत कठीण आहे. खाडा झालेल्या माणसास व्यायामाचे कष्ट फारसे जड वाटत नाहीत. त्याला जड जाते ते लोकांसमोर पुन्हा येणे. आपले बासष्ट वर्षांचे गृहस्थ फेब्रुवारीतील तपासणीनंतर उद्यानाच्या फाटकापर्यंत येऊन परत फिरले, तर त्यांचे पुढील आयुष्य कोणत्या वळणास लागेल हे सांगता येत नाही. त्याच क्षणी आतून कोणी हात वर करून 'या, आत्ताच सुरुवात केली आहे' असे म्हणाले, तर ते आत येतील. आरोग्यशास्त्राने सांगितलेल्या अनेक गोष्टी पुष्कळदा अशा एका हाकेवर येऊन ठरतात.

सॉल्ट लेकच्या भूमीवर गाळाचे थर पडत होते तेव्हा पाणी दर वेळी निथळून जाई. पाहणाऱ्यास वाटावे की सारे वाहून गेले. थर मात्र मागे उरत असे. सवयींचेही तसेच आहे. निसटलेले दिवस डोळ्यांत भरतात आणि साधलेले दिवस तळाशी साचत राहतात. म्हणून खाडा किती दिवसांचा झाला हे मोजण्यापेक्षा उद्या पहाटे कोणासोबत चालावयाचे, हे आज रात्रीच ठरवून ठेवणे अधिक हिताचे.