दूध तुटल्यानंतरचा आठवडा

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. येथील औषधांच्या व जैवपदार्थांच्या उद्योगांत पोलादी टाक्यांमधून सूक्ष्मजीव वाढविले जातात. 1978 साली विकरांच्या उत्पादनाने आरंभ करणाऱ्या बायोकॉन या कंपनीचे मोठे संकुल याच परिसरात आहे. तापमान, अन्न व हवा ठराविक राखून हवा तो जीव वाढू द्यावयाचा आणि नको असलेल्यांना शिरकाव करू द्यावयाचा नाही, हे या उद्योगाचे मूलतत्त्व होय. दुधाला विरजण लावताना घरोघरी हेच केले जाते. याच रस्त्यावर, शहराच्या अंगाला आडुगोडी येथे, पशुपोषण व शरीरक्रिया यांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था 1995 साली स्थापन झाली. टाकीतील जीव आणि जनावराचे पोट यांचा संबंध कसा येतो, हे डुकराच्या पिलाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

पिलू जन्मते तेव्हा त्याचे आतडे सूक्ष्मजंतूंपासून जवळजवळ मुक्त असते. त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिपिंडेही नसल्यासारखीच असतात. कारण डुकरिणीच्या वारेची रचना अशी असते, की तिच्यातून ती गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. ती मिळतात चिकातून. परंतु आतड्याच्या भिंतीतून अखंड प्रतिपिंडे रक्तात जाण्याचा हा मार्ग जन्मानंतर साधारण 24 ते 36 तासांत बंद होतो. म्हणून पहिल्याच दिवशी पोटभर चीक मिळणे ही पिलाच्या आरोग्याची पहिली अट ठरते.

पुढे आईच्या दुधावर आतड्यातील वस्ती आकार घेते. लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू दुग्धशर्करेपासून दुग्धाम्ल तयार करतात. लहान पिलाच्या जठरात आम्ल पुरेसे स्रवत नाही. ही उणीव दुग्धाम्लाने बऱ्याच अंशी भरून निघते. आम्लयुक्त वातावरणात रोगकारक जंतूंना वाढणे कठीण जाते.

संकट येते ते दूध तुटल्यावर. निसर्गतः ही क्रिया अनेक आठवडे हळूहळू चालते. व्यापारी पालनात मात्र तीन-चार आठवड्यांच्या पिलाला, तर आपल्याकडे पुष्कळदा सहा ते आठ आठवड्यांच्या पिलाला, एका दिवसात आईपासून वेगळे केले जाते. आई नाही, दूध नाही, सोबतीला अनोळखी पिले आणि समोर मक्याचा व सोयाबीनचा कोरडा आहार. कित्येक पिले पहिला दिवस काही खातच नाहीत. लहान आतड्याच्या आतील बाजूस बोटांसारखे सूक्ष्म रसांकुर असतात. ते या उपवासात आखूड होतात आणि अन्नरस शोषण्याची शक्ती घटते. नंतर भुकेलेले पिलू एकदम खाते. न पचलेले अन्न आतड्यात पुढे सरकते आणि त्यावर कोलाय जंतू फोफावतात. त्यांच्यातील काही प्रकार आतड्याच्या अस्तराला चिकटून विष सोडतात. त्यामुळे शरीरातील पाणी व क्षार आतड्यात ओघळू लागतात. हगवण लागलेले पिलू बहुधा या पाण्याच्या नाशाने दगावते.

यावर अनेक दशके सोपा उपाय म्हणून आहारात थोडीथोडी प्रतिजैविके मिसळली जात. त्याची किंमत उशिरा कळली. अल्प मात्रेत सतत दिलेल्या प्रतिजैविकाला न जुमानणारे जंतूच मागे उरतात व वाढतात. वाढीसाठी आहारात प्रतिजैविके देण्यावर स्वीडनने 1986 साली आणि युरोपीय संघाने 2006 साली बंदी घातली. कोलिस्टिन हे माणसावर अखेरचा उपाय म्हणून राखलेले औषध आहे. त्याला निष्प्रभ करणारे आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे जनुक चीनमध्ये डुकरांतील जंतूंमध्ये आढळल्याचे 2015 साली प्रसिद्ध झाले. भारताने 2019 साली अन्नासाठी पाळलेल्या जनावरांकरिता या औषधाचे उत्पादन व विक्री यांवर बंदी घातली. पिलाच्या हगवणीचा प्रश्न अशा रीतीने रुग्णालयातील खाटेपर्यंत येऊन पोहोचतो.

उपकारक जंतूंचा विचार येथे महत्त्वाचा ठरतो. आंबविलेल्या दुधातील जंतू आतड्याला हितकर असतात, हा विचार मेच्निकॉव्ह या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला होता. पुरेशा संख्येने दिल्यास यजमानाचे आरोग्य सुधारणारे जिवंत सूक्ष्मजीव, अशी त्यांची व्याख्या 2001 साली जागतिक संघटनांच्या तज्ज्ञांनी केली. या व्याख्येतील ‘जिवंत’ आणि ‘पुरेशा’ हे दोन्ही शब्द मोलाचे आहेत. हे जंतू अन्न व जागा अडवितात, आम्ल निर्माण करतात आणि आतड्याच्या संरक्षक यंत्रणेला चालना देतात. लॅक्टोबॅसिलस उष्णतेने लवकर मरतात. उलट बॅसिलस जातीचे बीजाणू आहाराच्या गोळ्या बनवितानाची उष्णताही सोसतात. म्हणून कोणता जंतू, किती आणि केव्हा, हे ठरवूनच त्याचा उपयोग करावा लागतो. एका जातीने दाखविलेला गुण दुसरीत असेलच असे नाही.

शहरांच्या आसपास अनेक पालक डुकरांना खाणावळीतील उरलेसुरले अन्न घालतात. ते चांगले उकळूनच घालावे. 2020 साली भारतात प्रथम आढळलेल्या आफ्रिकी डुकरज्वराचा विषाणूही अशा अन्नातून पसरू शकतो. परंतु उपकारक जंतू मिसळावयाचे असतील, तर ते अन्न निवल्यावरच मिसळावे. उकळत्या दुधात विरजण घालून दही लागत नाही.

हे जंतू म्हणजे औषध नव्हे. चीक न मिळालेल्या, ओल्या जमिनीवर थंडीत कुडकुडणाऱ्या पिलाला ते वाचवू शकत नाहीत. कोरडी ऊबदार जागा, स्वच्छ पाणी, आणि दूध तुटण्यापूर्वीच हळूहळू लावलेली आहाराची सवय ही त्यांची पूर्वतयारी होय. टाकी अस्वच्छ असेल, तर उत्तम बीजही वाया जाते, हे बोम्मसंद्राच्या कारखान्यांइतकेच गोठ्यालाही लागू आहे.