वाद धर्मतत्त्वांचा, हाक ‘आजीबाई’ची

प्रश्न : पंडिता रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांच्यात श्रद्धेच्या मूळ मुद्द्यांवरूनच मतभेद होते, असे वाचले. तरीही रमाबाई पत्रांत त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. हा नुसता शिष्टाचार होता का?

उत्तर : ती पत्रे वाचताना मला तरी तसे कधी वाटले नाही. शिष्टाचारापुरते गोड लिहिणारा माणूस अडचणीचा विषय टाळतो. रमाबाईंनी एकही टाळला नाही.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंचे प्रश्न थांबले नाहीत. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, चमत्कार, धर्मगुरूंचा अधिकार, सगळ्यांबद्दल त्या विचारत राहिल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आमची संस्कृत काय कमी पवित्र, हेही त्यांनी विचारले. १८८५ मध्ये तर त्यांनी स्वच्छ लिहिले, की भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेली मी पुन्हा तसलेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही. जेराल्डीनना यात अहंकार दिसला आणि त्यांनी तसे सुनावलेही.

याच काळात चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशीही रमाबाईंचा पत्रव्यवहार चालू होता. बीलबाईंची स्वतःची श्रद्धा पक्की होती, पण रमाबाईंच्या शंकेला त्या शंका म्हणूनच उत्तर देत. विचारणारीच्या स्वभावावर घसरत नसत. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. एका बाजूला ‘तू असे म्हणतेस कारण तू गर्विष्ठ आहेस’, दुसऱ्या बाजूला ‘तू म्हणतेस ते मला पटत नाही, कारण असे असे’. ख्रिस्ती घरांत, मंडळीच्या सभांत आजही आपले बोलणे बहुतेक वेळा बिघडते ते यांतल्या पहिल्या वाक्यापाशी.

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदैव तयार असा, असे सांगितले आहे. ते आपल्याला पाठ असते. ते उत्तर सौम्यपणे आणि आदराने द्या, हा त्याच वचनाचा पुढचा भाग मात्र वादाच्या भरात गळतो. आणि ज्यांना हे लिहिले, ते तेव्हा लोकांची निंदा आणि छळ सोसत होते. म्हणजे ही सौम्यता सुखवस्तूंकडून मागितलेली नव्हती.

रमाबाईंनी सौम्यतेचा अर्थ माघार असा कधी घेतला नाही. नकार द्यायचा तिथे नकार दिला, पण आपल्यावर माया करणाऱ्या बाईंचे ऋण नाकारले नाही. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या; पुढे आपल्या छोट्या मुलीला, मनोरमेला, त्यांनी काही काळ वाँटेजला, त्याच आजीबाईंकडे ठेवले. मुलीला काय शिकवावे यावरूनही त्या दोघींत मतभेद होतेच, आणि त्याबद्दलही त्या एकमेकींना लिहीत राहिल्या.