शैलचित्रे कशी पाहावीत

शैलाश्रयाच्या भिंतीवरील चित्रे प्रथमच पाहणाऱ्याची बहुधा निराशा होते. रंग पुसट झालेले, आकृत्या एकमेकींवर चढलेल्या, आणि माणूस तर चार बारीक रेषांत आटोपलेला. हा आदिमानवाचा बालिश खेळ होय, असे म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. याच्या अगदी उलट भासणारी चूक एके काळी विद्वानांनी केली होती. स्पेनमधील आल्तामिरा गुहेतील गव्यांची चित्रे १८७९ मध्ये उजेडात आली, तेव्हा इतकी सरस चित्रे प्रागैतिहासिक मानवाच्या हातची असणे शक्यच नाही, असे बहुतेक तज्ज्ञांनी ठरविले. त्या मताचा त्याग होण्यास १९०२ साल उजाडावे लागले. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे : तो मानव आपल्याहून हीन होता, हे गृहीत धरणे.

हा पूर्वग्रह बाजूस सारून भारतातील चित्रे पाहावयाची, तर भीमबेटकाहून योग्य स्थळ क्वचितच आढळेल. भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, विंध्याच्या पायथ्याशी वालुकाश्माच्या या टेकड्या आहेत. उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकर १९५७ मध्ये रेल्वेने जात असता त्यांना हे खडक दुरून दिसले आणि ते त्यांच्या शोधात निघाले. २००३ मध्ये या स्थळाचा जागतिक वारसा म्हणून स्वीकार झाला.

येथे प्रथम थर वेगळे करण्यास शिकावे. एकाच खडकावर अनेक प्राण्यांची चित्रे परस्परांवर काढलेली आहेत. जे चित्र वर, ते नंतरचे. कोठे मध्याश्मयुगीन शिकारी धनुष्यबाण घेऊन धावताना दिसतात, तर कोठे ऐतिहासिक काळातील सशस्त्र घोडेस्वार. म्हणजेच ही भिंत हजारो वर्षे वापरात होती.

त्यानंतर रेषेकडे लक्ष द्यावे. रंग मोजकेच आहेत. गेरूसारख्या खनिजाचा तांबडा आणि पांढरा हे प्रमुख. तेवढ्या साधनांनी प्राण्याचा बांधा आणि वेग नेमका टिपलेला आहे. काही ठिकाणी गाभण मादीच्या पोटातील पिल्लूही रेखाटलेले दिसते. डोळ्यांना जे दिसत नाही, परंतु मनाला जे ठाऊक आहे, तेही चित्रकार काढीत होता. याला बालिश कसे म्हणावे?

अखेरीस माणसांकडे वळावे. ती शिकार करतात, मध गोळा करतात, हातात हात गुंफून नाचतात. त्या नाचाचा प्रसंग कोणता, हे चित्र सांगत नाही; परंतु समूहाचा ताल पाहणाऱ्यास सहज जाणवतो. या चित्रकारांपैकी एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही. नंतर येणारे जुन्या चित्रांवर आपली चित्रे काढीत गेले, तरी खालची रेषा आजही ओळखू येते. त्याच भिंतीवर आज कोणी चाकूने आपले नाव कोरले, तर मात्र ती रेषा कायमची नष्ट होते.