पिशवी काढायची एवढी घाई कुणाला?

अगं, ती सोनोग्राफीची फाईल ठेव बाजूला, आधी भाकरी खा. काल फोनवर तुझं रडणं ऐकून मला झोप नाही. 'ताई, पिशवीत गाठ निघालीय.' गाठ म्हटलं की आपल्या मनात पहिला कॅन्सरच येतो. ही फायब्रॉइडची आहे, पिशवीच्याच स्नायूची वाढ. त्यात कॅन्सर अगदी क्वचित निघतो. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून जास्त बायकांच्या पिशवीत अशा गाठी होतात, कितींना तर पत्ताही लागत नाही.

गाठ केवढी, हे सगळे विचारतात. तू विचार, कुठे आहे? अस्तराला लागून सुपारीएवढी असली तरी अंगावरून नुसतं वाहतं. बाहेरच्या अंगाला लिंबाएवढी गप्प बसून राहील, फार वाढली तर लघवीला सारखं पळवेल.

मला अडतिसाव्या वर्षी एकानं सांगितलं होतं, 'दोन लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम?' मी उठून दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. गोळ्यांवर निभावलं, पाळी गेल्यावर गाठ आपोआप आक्रसली.

आपल्या जामखेडच्या वेशीपलीकडे बीड. तिथं २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत कोयता थांबला की खाडा, खाड्याचे पैसे कापायचे. मग 'रोजची कटकट नको' म्हणून बाई टेबलावर. दुखणं पिशवीचं होतं की मुकादमाच्या हिशेबाचं, तूच सांग.

तुझं हिमोग्लोबिन आठ आहे, पहिलं ते वर आण. लोहाची गोळी चहाबरोबर गिळू नकोस, अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घे. रक्तस्राव आवरायला पाळीच्या दिवसांत घ्यायच्या ट्रॅनेक्झॅमिकच्या गोळ्या असतात, हार्मोनच्या असतात, तांबीसारखी पिशवीत बसवायची हार्मोनची कॉइल असते. गाठीमुळे पिशवीचा आकारच बिघडला असेल तर मात्र ती नीट बसत नाही. मूल हवं असेल तर नुसती गाठ काढतात, बऱ्याचदा दुर्बिणीतून. पुढे नवी होऊ शकते, हे आधीच माहीत असू दे. मोठ्या शहरांत गाठीला रक्त पुरवणाऱ्या नळ्या बंद करूनही ती सुकवतात.

आणि कशानंच रक्त थांबेना, तर पिशवी काढणं चुकीचं नाही. आपल्या मावशीला त्यानंच बरं वाटलं. फक्त सहीआधी विचार, अंडाशय ठेवणार ना? तेही काढले तर रजोनिवृत्ती एका झटक्यात येते, अंगाच्या वाफा, हाडं ठिसूळ.

उद्या नगरला मी बरोबर येते. किती दिवस जातं, दिवसाला किती पॅड लागतात, रक्ताच्या गाठी पडतात का, रात्रीच कागदावर लिहून ठेव. तासाला एक पॅड भिजायला लागलं किंवा भोवळ आली, तर मात्र उद्याची वाट बघायची नाही. रात्री कितीही वाजले असू देत, फोन कर.